खिंडीतला पेला

१२ ऑगस्ट
ठरलं म्हणजे ठरलं! यंदा कॅनडाच्या डोंगरातली अथाबास्का खिंड. जुने फर-व्यापारी कातड्यांचे गठ्ठे घेऊन तिथं चढायचे आणि वरच्या तळ्याकाठी रमचा पेला उचलायचे. त्यांच्या वाटा तुडवणाऱ्या आमच्या ब्रिगेड मंडळाचा नियमच आहे, तिथं पेला उचलेल तो प्रमुख. मी किती वर्षं नुसता उपप्रमुख राहायचं? नोरीनलाही नेतोय. नवऱ्याचा पराक्रम बायकोने बघायला नको?

१५ ऑगस्ट
तयारी जोरात. नायलॉन, गॅस, असली थेरं बंद. लोकरीचा कोट, कॅनव्हासचा तंबू, खायला फक्त पेमिकन. सुकं मांस आणि चरबी स्वतः कुटली. नोरीनने चव घेतली, म्हणाली, बुटांना लावायला बरंय. तिला इतिहासाचं वावडं आहे.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
पहिला मुक्काम. चाल उत्तम. नोरीन पुढे होती ती मी जाऊ दिलं म्हणून. अस्वलांपासून अन्न वाचवायला इथं लोखंडी खांब ठोकलाय. नोरीनने आपली पिशवी त्यावर टांगली. मी नाही. तागाचा दोर, झाडाची फांदी. जुनी पद्धत ती जुनी पद्धत.

२१ ऑगस्ट, सकाळ
दोर दवाने फुगलाय, गाठ सुटत नाही. वर माझ्या पिशवीत मार्टेन! मांजराएवढं केसाळ जनावर, निवांत नाश्ता करतंय. माझ्या पूर्वजांनी यांच्याच कातड्यांच्या कॉलरी विकल्या. बोंब मारली, ढुंकूनही बघितलं नाही. नोरीन म्हणाली, वसुलीला आलाय.

दुपार
तिने नूडल्स पुढे केले. तत्त्व म्हणून नाकारले. मग एकच वाटी. बरं, दोन.

संध्याकाळ
पायाला फोड. अर्थात कोणीतरी तळ सांभाळायलाच हवा. शेजारच्या तंबूतल्या दोन मास्तरीणबाई वर निघाल्यात, नोरीन त्यांच्याबरोबर. रमची बाटली तिच्याकडे दिली, बजावलं, पेला माझ्या नावाने उचल. म्हणजे प्रमुख मीच.

२३ ऑगस्ट
उरलेले नूडल्स खांबावर टांगले. केवळ तुलनेसाठी.

२६ ऑगस्ट
आली. लालबुंद, खिदळत. बाटली रिकामी. विचारलं, नाव घेतलंस ना? म्हणाली, अय्या, ते राहिलंच की!

५ सप्टेंबर
मंडळाची सभा. प्रमुख: नोरीन. एकमताने. माझा हातही वर होता, पण मी हरकत घेत होतो. उपप्रमुखपदी मीच. प्रमुखांचा पहिला हुकूम: पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा तंबू उपप्रमुखाने वाहायचा. नायलॉनचा.

हलका असतो म्हणे.