गोगलगाय, कोबी आणि दोन वाजून पन्नास मिनिटं

तीर्थरूप मामा,

नमस्कार. (साष्टांग कागदावर मावत नाही, घातला असं धरा.) आईने तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण ती सांगत असताना मी शेजारच्या खोलीत होते. ते विसरा. झालं ते असं:

१. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी कार्यालयाच्या मुख्य संगणकावर कोणीतरी अक्षरं दीडपट मोठी केली.

२. साडेनऊला बाकीचे संगणक सुरू झाले. पंधराही पडद्यांवर अक्षरं मोठी आली. कोणीही तक्रार केली नाही.

३. दुपारी १ वाजता जेवणाची सुट्टी झाली. वेळेवर.

४. २ वाजून ५० मिनिटांनी गोगलगाय कोबीपाशी पोचली.

५. २ वाजून ५५ मिनिटांपर्यंत चौदा जण घरी निघाले होते. त्यांत मीही होते. (पंधरावे तुम्ही. तुम्ही जेवणानंतर अर्ध्या रजेवर गेलात आणि अजून रजेवरच आहात.)

६. सव्वातीनला साहेब तीन पाहुण्यांना घेऊन खोलीत आले.

७. गोगलगाय चुकलेली नव्हती.

आता तब्येतीचं. गुडघा कसा आहे? रजेच्या अर्जात उजवा आहे, आईला तुम्ही डावा सांगितलात, आणि ताईने परवा फोनवर 'बाबा गच्चीवर फेऱ्या मारतायत' असं सांगितलं, तेव्हा दोन्ही बरे असावेत. मामींना नमस्कार. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही दोनदा 'हो हो' म्हणता आणि तिसऱ्या वाक्याला फोन मामींच्या हातात देता, म्हणून पत्र. ते कुरिअरने पाठवते आहे आणि तुमच्याच हातात द्यायला सांगितलं आहे. अक्षरं मोठी आहेत आणि त्यामुळे पानं नऊ झाली, त्याचं कारण शेवटी येईल.

साहेबांना दिलेल्या खुलाशात मी सगळं मुळापासून लिहिलं, त्याची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा लिहीन. आपली खोली जुने नकाशे संगणकावर उतरवण्याची आणि बिनखिडक्यांची, कारण उजेडाने जुने नकाशे फिके पडतात. फोन दाराबाहेरच्या कप्प्यांत, कारण नकाशांचे फोटो काढायचे नाहीत. एवढं ठीक होतं. पण आठ महिन्यांपूर्वी साहेब कुठल्याशा शिबिरातून दोन कल्पना घेऊन आले. पहिली अशी की घड्याळ दिसलं की माणूस घड्याळ बघतो. म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरलं, मनगटावरचीही फोनच्या कप्प्यात गेली (खिळा भिंतीवर राहिला, आठवडाभर लोक खिळ्याकडे बघून उसासे टाकत होते) आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ लपवण्याचं काम माझ्याकडे आलं. आदेश माझ्याकडे आहे: 'पडद्यावर कोणत्याही प्रकारचे घड्याळ दिसता कामा नये.' मी लपवलं. दुसरी कल्पना अशी की पडद्याची पार्श्वभूमी 'हलती, शोभिवंत व मन प्रसन्न करणारी' असावी. तेही माझ्याकडेच आलं. मला संगणकांची देखभाल करायला घेतलं होतं, मन प्रसन्न करायला नव्हे, पण मी त्या वेळी वाद घातला नाही.

आधी गळणारी पानं केली. फॅनखालच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की पानं फॅनच्या वाऱ्याच्या उलट दिशेने उडतात आणि त्यांचं डोकं गरगरतं. दिशा बदलली, तर खोलीच्या दुसऱ्या अंगाला बसणाऱ्यांची डोकी गरगरायला लागली. मग मासे केले. पंधरा पडद्यांवर एकच मासा होता, ठिपक्याला ठिपका तोच, तरी नकाशांचे तुकडे जोडणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या. 'सगळ्यांचे मासे कसे गुटगुटीत, आणि माझाच मेला सुकलेला का गं?' मी दोन मासे शेजारी ठेवून मोजून दाखवले. 'मोजून काय होतंय,' त्या म्हणाल्या, 'चेहऱ्यावर दिसतंय ना त्याच्या.' मासे गेले. मग बुडबुडे आले, बोट लावलं की फुटणारे. त्या दिवशी खोलीत रोजच्या एकेचाळीस तुकड्यांऐवजी नऊ जोडले गेले. कोणी किती बुडबुडे फोडले याची नोंद आपोआप होत होती, हे मी साहेबांना सांगितलं. यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं, सहाशे बारा बुडबुडे. त्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'काहीतरी संथ करा. असं काही, की कोणी बघत बसणार नाही.'

म्हणून गोगलगाय. पडद्याच्या तळाशी, डावीकडून उजवीकडे, मागे किंचित चमकणारी रेघ सोडत. डाव्या कडेपासून आठशेचाळिसाव्या ठिपक्यावर एक धोंडा, आणि उजव्या कडेला चिकटून एक कोबी. तिथे पोचली की ती कोबी खाते. वेग मिनिटाला चार ठिपके. हाच आकडा का, असं साहेबांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं की पाच जास्त वाटले आणि तीन कमी. पडद्याच्या रुंदीत १९२० ठिपके असतात, चाराने भागलं की आठ तास येतात, आणि आपलं कार्यालय साडेनऊ ते साडेपाच असतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी फॅनखालच्या काकांनी मान वर न करता विचारलं, 'कोबी किती लांब आहे?' आणि बाई म्हणाल्या, 'अजून वीतभर.' तेव्हापासून खोलीत तीच भाषा. 'धोंड्यानंतर बघू', 'कोबीच्या आत दे', 'आज कोबी येतच नाहीये बाई'. तुम्ही स्वतः मला म्हणाला होतात की घड्याळ गेल्यापासून पहिल्यांदा दुपार कुठवर आली ते कळतंय. (खुलाशात हे वाक्य तुमच्या नावाने घातलेलं नाही.)

आता मंगळवार. अक्षरं दीडपट झाली की पडद्याच्या रुंदीत मावणारे ठिपके १९२० चे १२८० होतात. धोंडा डावीकडून मोजलेला, म्हणून जागचा हलला नाही, गोगलगाय एक वाजताच तिथे आली आणि जेवण वेळेवर झालं. कोबी उजव्या कडेला चिकटलेला, म्हणून तो सहाशेचाळीस ठिपके जवळ आला. सहाशेचाळीस भागिले चार, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. सकाळी अक्षरं मोठी दिसली तेव्हाच हा भागाकार माझ्या डोक्यात व्हायला हवा होता. झाला नाही. सगळे खूश होते, साहेबांना अखेर आपल्या डोळ्यांची दया आली असं म्हणत होते, आणि मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होते. ही माझी चूक. ती मी तुमच्याकडे मान्य करते, साहेबांकडे नाही, कारण साहेब ज्या चुकीची माफी मागायला सांगतात ती ही नव्हे.

पाचव्या कलमात मी एक गोष्ट गाळली आहे. 'आज दुपार भुर्रकन गेली', 'कोबी आला, चला' असं म्हणत आम्ही उठलो. दाराबाहेर कप्प्यांतून चौदा जणांनी चौदा फोन उचलले. फोनवर घड्याळ असतं. बाईंनी बघितलं, काकांनी बघितलं, मी बघितलं: २ वाजून ५३. चौदाही फोन खिशात गेले. जिना उतरून रस्त्यावर आलो तर टळटळीत ऊन. काका डोळ्यांवर हात धरून म्हणाले, 'दिवस मोठा झालाय हल्ली.' बाई म्हणाल्या, 'चांगलाच.' आणि चौदा माणसं आपापल्या वाटेने गेली. मी पण गेले. कपड्यांच्या दुकानात काहीही न घेता पाऊण तास फिरले. साहेबांनी रिकाम्या खोलीत पाहुण्यांना 'हा आमचा सर्वांत गजबजलेला विभाग' असं म्हणत दार उघडलं, तेव्हा पंधरा पडद्यांवर पंधरा गोगलगायी कोबी खात होत्या.

बुधवारी केबिनमध्ये उभी होते. साहेबांनी विचारलं, 'ही गोगलगाय आहे की घड्याळ?'

'गोगलगाय.'

'मग ती वेळ कशी सांगते?'

'ती सांगत नाही, साहेब. ती चालते.'

'अक्षरं कोणी मोठी केली? त्याची नोंद असते ना?'

'असते.'

'मग सांगा.'

'सांगणार नाही.'

 साहेब म्हणाले की एक तर नाव सांगा, नाहीतर लेखी द्या की गोगलगाय हे घड्याळच होतं, ते तुम्ही आदेश मोडण्यासाठी मुद्दाम बसवलं आणि तुम्हाला खेद आहे. येत्या शुक्रवारी मला कायम करण्याच्या कागदावर त्यांची सही व्हायची आहे. त्याआधी दोन्हींपैकी एक कागद टेबलावर आला नाही तर सही नाही, आणि सही नाही तर पुढच्या महिन्यापासून मीही नाही. मी निघताना ते ओरडले, 'आणि आधी तो कोबी काढा तिथून!' मी त्याच मिनिटाला कोबी काढला. गोगलगायीबद्दल ते काही बोलले नव्हते. ती आता रोज साडेपाचला रिकाम्या कडेशी पोचते आणि थांबते. (बाईंनी पडद्याच्या चौकटीला हिरव्या कागदाचा गोळा चिकटवला आहे. त्याच्याशी माझा संबंध नाही.)

आई म्हणते, दोन ओळींनी काय झिजणार आहेस, लिही आणि मोकळी हो. मला माफीचं वावडं नाही. मागच्या वर्षी माझ्या हातून संगणकावरचे दोनशे नकाशे पुसले गेले तेव्हा कोणी न मागता मी माफी लिहून दिली होती आणि तीन रविवार बसून ते परत मिळवले होते. पण इथे मला खेद नाही, आणि नसलेला खेद सहीनिशी द्यायचा म्हणजे खोटा कागद. माणसाकडून खिडकी घेतली, फोन घेतला, भिंतीवरचं घड्याळ घेतलं, तरी आपला दिवस कुठवर आला आहे हे कळण्याचा त्याचा हक्क उरतो. तो मी शोभेच्या वस्तूतून दिला, कारण शोभेची वस्तू एवढीच मागितली होती. शुक्रवारी मी रिकाम्या हाताने केबिनमध्ये जाणार आहे. साहेबांनी सही केली तर मी कामाला बसेन. नाही केली तर दुसरीकडे जाईन, आणि गोगलगाय बरोबर नेईन, ती माझी आहे.

तुमच्या शब्दावर मला इथे घेतलं गेलं, म्हणून हे तुम्हाला आधी कळवलं. सल्ला मागत नाही.

तुमची भाची

ता. क. नोंदीत लिहिलं आहे: '९.१०, चौथ्या टेबलावरून.' चौथं टेबल तुमचं. मुख्य संगणकाचा पासवर्ड तुमच्या टेबलाच्या काचेखाली आहे, कारण तो मीच तुम्हाला लिहून दिला होता. फक्त स्वतःचीच अक्षरं मोठी होतील असं तुम्हाला वाटलं असणार. नावाचा कागद साहेबांना मिळणार नाही. तुम्हीही त्यांना कबुलीचं पत्र पाठवू नका. निवृत्तीला अकरा महिने असताना ते तुम्हाला टपालाच्या टेबलावर बसवतील, आणि फिक्या शाईतली नावं वाचणारं खोलीत दुसरं कोणी नाही. तुमच्या एकट्याच्या पडद्यावर मी अक्षरं दीडपट ठेवली आहेत आणि तिथल्या गोगलगायीचा वेग मिनिटाला दोन पूर्णांक दोन तृतीयांश केला आहे. धोंडाही त्या मानाने अलीकडे घेतला आहे. ती साडेपाचलाच पोचेल.

ता. क. २. नावं वाचणारं दुसरं कोणी नाही, हे मी जपून लिहिलं. गेल्या महिन्यात तुम्ही वाचलेली अकरा नावं मी कोणाला न सांगता दुरुस्त केली आहेत. दहा किरकोळ होती. अकरावं शेताच्या मधोमध होतं. तिथे नकाशात 'विहीर' आहे; तुम्ही 'वहिनी' लिहिलं आहे. पुढच्या नोंदीत 'वहिनी, खोल, दगडी बांधकाम, वापरात नाही' असं झालं आहे. मी हसले नाही. (हसले.) पण मामा, हा गुडघा नाही.

ता. क. ३. मोतीबिंदू काढायला अर्धा दिवस लागतो, मी विचारून घेतलं आहे. साहेबांना मी काही सांगणार नाही, त्यांनी सही केली तरी आणि नाही केली तरी. मामींना सांगेन. हे पत्र वाचायला तुम्हाला भिंग लागलं असेल, तर ते खाली ठेवायच्या आत डॉक्टरांना फोन करा आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख गुरुवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत मला कळवा.