ओल्या जखमेला पाणी

दादा, बीडच्या दवाखान्यात माझ्या घशातल्या गाठी कापून काढल्या, तो दिवस तुमच्याशी कधी बोललोच नाही. निघताना डॉक्टरांनी दुखण्यावरच्या पुड्या दिल्या आणि उर्दूत बजावलं, रडला तरी पोराला पाणी पाजत राहा, पुडीही पाण्यातूनच द्या. निजामाच्या अमलात वाढलेले तुम्ही, तुम्हाला शब्द न् शब्द कळला होता. पण घाट चढून गाडी मांजरसुंब्याला घरी आली आणि तुमची थोरली बहीण, माझी आत्या, दारातच तुम्हाला म्हणाली, "येडा हायस का रं? वल्या जखमेला पानी लावतेत व्हय? पिकंल की."

फाळानं पाय कापला तरी आपल्याकडं जखमेवर थेंब पडू देत नसत. घशातली जखम तरी वेगळी कशी मानणार? शिवाय पहिल्याच घोटाला मी पाय झाडून रडलो. तुम्ही तांब्या बाजूला ठेवलात. "ऱ्हाऊ दे. झोंबतंय लेकराला." मला बरंच वाटलं. मी तुमच्या मांडीवर गप पडून राहिलो आणि तुम्हाला वाटलं, दुखणं उतरलं. इकडं घसा सुकत चालला होता. कान ठणकायला लागले, जीभ टाळूला चिकटली. मग खपली निघाली आणि तोंडातून रक्त आलं.

पुन्हा गाडी, पुन्हा बीड. मी तुमच्या धोतराच्या सोग्यात रक्त थुंकतोय आणि डॉक्टर तुमच्यावर ओरडताहेत, "मूं का जखम है पटेल, थूक नई लगता क्या उसकू? रहम करके मारते क्या बच्चे कू?"

गावात कुणाचा बैल आजारी पडला की काढा पाजायला तुम्हालाच बोलवायचे. मान काखेत दाबायची, जबड्याच्या कोपऱ्यातून बांबूचा नळा सारायचा, गळा वरून खाली चोळायचा. जनावराला गिळावंच लागतं. घरी आल्यावर तुम्ही मला तसंच धरलंत. आधी पुडी, ती लागू पडेपर्यंत थांबायचं, मग माठातलं गार पाणी पळीनं. मी तुम्हाला चावलो. "चाव. पर गीळ," म्हणालात. आत्या म्हणाली, "कसाई हायस." तुम्ही तिच्याकडं पाहिलंही नाही. पुडीनंतरचा घोट कमी झोंबतो हे मला कळत होतं, तरी मी चावतच राहिलो.

घसा बरा झाला. पण त्यानंतर मी तुमच्या मांडीवर बसलो नाही आणि तुम्हीही कधी बोलावलं नाही. तुमची माया त्या रक्ताबरोबरच गेली, असं मी किती वर्षं धरून चाललो होतो.

काल नातीचं तेच ऑपरेशन करून आणलं. आता बाटलीत गोड औषध मिळतं, घरात बर्फ आहे, तरी ती दात आवळून बसते. सून म्हणाली, "मामा, जरा डोकं धरा हिचं." मी धरलं. नातीनं वर पाहिलं. घशातल्या जखमेमुळं तिला बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत "तुम्ही पण?" एवढंच होतं. मी हात काढून घेतले आणि बैलांकडं बघायचं निमित्त करून गोठ्यात आलो.

हे तिथंच बसून लिहितोय. तुम्ही आता राहिला नाहीत, तेव्हा कुठं पाठवायचं नाही. घरातलं रडणं थांबलंय. तिनं औषध गिळलं म्हणून थांबलं, की तुम्ही तांब्या ठेवलात तशी सुनेनंही बाटली बाजूला ठेवली, हे पाहायला मी अजून आत गेलेलो नाही.