भिवराक्काची हरभऱ्याची भाजी

पेडगाव, पौष महिना, १९८६

ती. दत्तराव दाजी यांना धाकटा मेहुणा आश्रुबाचा खाटंवरूनच दंडवत (उठायची मनाई हाय). तुमची तब्येत, मेंढरं, लेकरंबाळं खुशाल असतील. माझं विचाराल तर जित्ता हाय, एवढंच.

अक्कानं सांगितलंच असंल, त्या विषाणूच्या तापानं मला पार लोळवलं. ताप उतरला तर डावा पाय भोपळ्यावानी सुजला. परभणीचे डॉक्टर म्हणले, रक्ताची गाठ झाली, वर सरकून छातीत गेली की खेळ खलास. मग पोटात सुया टोचून रक्त पातळ केलं अन् गोळ्या देऊन घरी लावलं. हुकूम असा, की वस्तरा लावायचा न्हाई, कापलं तर रक्त थांबायचं न्हाई; अन् पालेभाजी लय खायची न्हाई, तिनं गोळीचा असर मरतो. (दाढी अशी वाढली, की परवा शेजारची कोंडाबाई साधू समजून पायाच पडली अन् वाटीभर पीठ ठेवून गेली.)

"आश्रुबाचं रक्त पातळ झालं" ही खबर गावात फिरली अन् घात झाला. पातळ म्हणजे पाणीच झालं समजून जो तो घट्ट करायला धावला. कुणी मेथी आणली, कुणी अंबाडी, कुणी पाथरी. ते समदं मी शेरडाला घातलं. पण मग अक्का आली. आईच्या तेराव्याच्या दिवसात मानापानावरून तुमचं-आमचं बिनसलं, तवापासून तिनं आमचा उंबरा शिवला नव्हता. ती तुमच्या चारठाण्याहून वानोळा म्हणून पिशवीभर हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आली, लसणाची फोडणी दिली अन् पुढ्यात बसली. बहिणीचा वानोळा कुणी परत लावतं का हो? चार दिवस दोन्ही वक्ताला तीच खाल्ली. खरं सांगतो, चव आईच्या हातची होती, मला रडू आलं.

गोळीचा असर गेला, पाय फिरून सुजला, पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया. आमच्या कारभारणीनं अक्काला तोंडावरच सुनावलं, तुमच्या भाजीनं माझं कुंकू पुसलं असतं. अक्कानं पिशवी उचलली अन् एस.टी. धरली. मी खाटंवरून हाका मारल्या, ती थांबली न्हाई. दाजी, मला लय वाईट वाटायलंय. जिवापाड मायेनं आणलं तिनं, अन् जाताना गुन्हेगारावानी गेली. तिचा काय कसूर?

तुमचा पडीक मेहुणा,
आश्रुबा

ता. क. कारभारीण आता चुलीम्होरं बसून रडायलीय. तिला लिहिता येत न्हाई, म्हणून तिची माफी मीच लिहायलोय.

आणखी ता. क. डॉक्टरला फिरून विचारलं. ते म्हणले, भाजी बंद करू नका, रोज सारखीच थोडी खा, एकदम ढीग नको, गोळी त्या मापानं ठरवू. तवा तुमचा राग तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, पण अक्काला लावून द्या. रोज एका मापाची भाजी आमच्या घरात कुणाला जमायची न्हाई. गोळ्या सहा महिने चालतील, तवर तिला परत मागू नका. (डॉक्टर तीनच म्हणले. बाकीचे तीन माझे.)