अठराव्या मजल्यावर माझं उत्तम चाललंय

३ फेब्रुवारी
आलो. मंगला गौरीची गल्ली एकदाची सुटली. आता पत्ता असा: टॉवर बी, अठरावा मजला, रिंग रोड, वाराणसी. आमच्या घराण्यात इतक्या उंचीवर राहायला गेलेला मी पहिलाच. बँकेतून रिटायर झाल्यापासून या विषयाचा माझा अभ्यास चालू आहे. दुबई, शांघाय, क्वालालंपूर, सगळे टॉवर यूट्यूबवर आतून-बाहेरून पाहून झालेत. जग वर चाललंय, काशीनं किती दिवस गल्लीत तोंड खुपसून बसायचं, हे मी पंचगंगा घाटावर रोज संध्याकाळी सांगत असे. लोक ऐकत. नाववाले तर हमखास, सवारी नसली की.
आमची सौ. प्रमोदिनी निघताना रडली. म्हणाली, तिथे बोलायचं कोणाशी, कबुतरांशी? तिला वेळ लागेल. सांभाळून घ्यायला मी आहेच.
संकल्प: सकाळचा चहा रोज बाल्कनीत. उगवत्या सूर्याचा रोज एक फोटो फॅमिली ग्रुपवर.

४ फेब्रुवारी, सकाळ
चहा हॉलमध्ये घेतला. बाहेर वारा फार, चहा निवतो. फोटो प्रमोदिनीनं काढला. अँगल मी आतून सांगितला.

९ फेब्रुवारी
सोफा फिरवून घेतला. पाठ काचेकडे, तोंड भिंतीकडे. प्रमोदिनी म्हणाली, अहो, भिंतच बघायची होती तर गल्लीत काय भिंती कमी होत्या? वास्तुशास्त्र, म्हणालो. कुठलं, हे तिनं विचारलं नाही, बरं झालं.
लिफ्टही काचेची आहे. तेवढ्या वेळात डोळे मिटून प्राणायाम उरकतो. आज शेजारची रुची लिफ्टमध्ये होती. नवीन लग्न झालेली मुलगी, नवरा अनिश रेल्वेत. विचारते, "अंकल, तबीयत ठीक है ना?" या पिढीला अध्यात्माचा गंध नाही.

२२ फेब्रुवारी, दुपार
जोराचा वारा. पंख्याची दांडी हलताना स्वतः पाहिली. (पंखा चालू होता, असं प्रमोदिनीचं म्हणणं.) घाबरण्यासारखं काही नसतं, उंच इमारती थोड्या हलायलाच हव्यात. तैपेईच्या टॉवरमध्ये म्हणूनच वर एक अजस्र पोलादी गोळा टांगलाय. वाऱ्यात तो झुलतो आणि टॉवर सावरतो. खाली जाऊन सोसायटीचे सेक्रेटरी विश्वजीत सिंह यांना शांतपणे विचारलं, आपला गोळा कुठे आहे? म्हणाले, "अंकल जी, इतनी-सी बिल्डिंग में गोला कौन लगाता है?" सेफ्टीबद्दल आपल्याकडे ही अनास्था. वारा पडेपर्यंत लॉनवर बसून चिंतन केलं.

८ मार्च
गल्लीतून चुलतभाऊ विश्वेश आणि त्याची बायको देवश्री घर बघायला आले. दोघंही थेट बाल्कनीत. मी दारातून माहिती देत राहिलो. गाइडनं नेहमी मागे उभं राहायचं असतं. विश्वेशनं विचारलं, दादा, आपला घाट कुठल्या बाजूला? मी सोफ्याच्या मागून ठामपणे हात केला. त्या बाजूनं तेवढ्यात विमान उठलं. विश्वेश म्हणाला, दादा, तो एअरपोर्ट. मी म्हणालो, त्याच्या पलीकडे. देवश्री तोंडाला पदर लावून खोकली. प्रदूषण.
आजपासून बाल्कनी नक्की होती, पण आता धूळ सुरू झाली. एप्रिलपासून बघू.

२१ मार्च
प्रमोदिनीचं काही खरं नाही. संध्याकाळ झाली की खुर्ची बाहेर, भाजी बाहेर, रुची बाहेर. दोघी मटार सोलत खिदळतात. सूर्य बुडाला की मला आवाज देते, अहो या, आज रंग केशरी नाही, जांभळा आहे! मी आतून वा वा म्हणतो. तिला माझी सोबत लागते. या वयात बायकांना एकटं वाटतं.

४ एप्रिल
मोठी बातमी! टॉवर ए आणि बी यांना जोडणारा काचेचा पूल तयार झाला. वीस मजले वर. पायाखालीही काच. उद्घाटनाला 'जगातील गगनचुंबी इमारती आणि आपली काशी' यावर मी बोलावं, असं विश्वजीतनी सुचवलं. सोसायटीत जाणकार कोण, हे शेवटी कळतंच. लगेच होकार दिला. प्रमोदिनीनं चपात्या लाटता लाटता थांबून विचारलं, तुम्ही पुलावर उभं राहून बोलणार? मी म्हणालो, मग काय लोंबकळून?
ती हसली नाही.

१० एप्रिल
सराव जोरात. आधी पाटावर उभं राहून भाषण म्हटलं. मग स्टुलावर. स्टुलाचा एक पाय कमी आहे, तिथे भाषण अर्धवट राहिलं. दोष स्टुलाचा.

१३ एप्रिल, संध्याकाळ
भाषण झालं. म्हणजे सुरुवात झाली. रिबन कापली, टाळ्या झाल्या, मी माइक घेऊन मध्यापर्यंत गेलो. "बंधू-भगिनींनो" एवढं म्हणालो आणि नजर खाली गेली. खाली पार्किंग. गाड्या काड्यापेटीएवढ्या. गुडघ्यांनी परस्पर निर्णय घेतला. मी बसलो. मग चारी हातपायांवर आलो. काचेचे जोड तपासतोय, असं माइकवर स्पष्ट सांगितलं. अनिशनं व्हिडिओ काढला.
परत वळता येईना. डोळे मिटले तरी काच दिसत होती. तेव्हा प्रमोदिनी आली. उद्घाटनाच्या टेबलावरची चादर ओढून तिनं माझ्यासमोर काचेवर अंथरली आणि स्वतः गुडघ्यांवर बसली. हळूच म्हणाली, आता खाली नुसती चादर आहे. या माझ्याबरोबर. मी रांगलो की ती चादर पुढे सरकवायची. निळ्या साडीसकट ती माझ्याबरोबर दारापर्यंत रांगली. माझा घाम तिच्या हाताला लागला होता, तो तिनं पुसला नाही.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण आवडलेलं दिसतं.

१६ एप्रिल
व्हिडिओ गल्लीत पोहोचला. विश्वेशचा फोन आला, दादा, गुडघे कसे आहेत? मी ठेवून दिला.
प्रमोदिनीला समजावलं, आपण परत जाऊ. आपली माणसं, आपली मुळं तिकडे. शिवाय तुलाच इथे करमत नाही. ती म्हणाली, मला करमतंय. तिकडे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आयुष्यभर शेजाऱ्यांची मोरी दिसली. मला वाटायचं, संध्याकाळ म्हणजे दिवा लावायची वेळ. ती आभाळात होते, हे मला इथे कळलं.
मी पंख्याचा वेग वाढवला.
मग म्हणाली, मला भीती वाटते एवढं तुम्ही एकदा म्हणा. आत्ता सगळ्या काचांना पडदे लावते. नाहीतर उद्या सामान बांधते, येते परत गल्लीत. पण तोंडानं म्हणा.
भीतीचा प्रश्न येतोच कुठे? मी तसंच सांगितलं. ती उठली. मग चहाचा कप घेऊन बाहेर गेली.

१९ एप्रिल
व्यवहार्य तोडगा निघाला. तळमजल्यावर सोसायटीची गेस्ट रूम रिकामीच असते. मी तिथे बसेन, सोसायटीचं सल्लागाराचं काम बघेन. झोपायलाही तिथेच सोयीचं. इमारतीचं खरं शास्त्र पायाशीच असतं, हे जगातला कुठलाही इंजिनिअर सांगेल. विश्वजीत म्हणाले, जैसा ठीक समझें. प्रमोदिनीनं उशी, चादर आणि माझ्या गोळ्या मुकाट्यानं पिशवीत भरून दिल्या. सल्ला घ्यायला अजून कोणी आलेलं नाही. सुट्ट्या आहेत.

३ मे
डबा रोज लिफ्टनं येतो. कधी ती आणते, कधी रुची. आज रुचीनं आणला. आंटी ऊपर बिज़ी हैं, म्हणाली.
संध्याकाळी लॉनवर गेलो. आभाळ काही वेगळंच झालं होतं. प्रमोदिनी या वेळी बाहेर असणार, म्हणून मान मागे टाकून मजले मोजले. खालून बघतानाही थोडं गरगरतं. उन्हाळा. शेवटी दिसली. लांबूनसुद्धा ओळखली, तीच निळी साडी. मी हात केला. तिनंही जोरात केला. मला इतकं बरं वाटलं की दोन्ही हात वर करून बराच वेळ हलवत राहिलो. तीही थांबेना. वॉचमन बघत होता, बघू दे.
मग फोन वाजला. तीच. म्हणाली, अहो, तो अनिशचा टॉवेल आहे. मी डावीकडे.
डावीकडे पाहिलं. हात केला. तिनंही केला असेल. एवढ्या खालून काही दिसत नाही.