तीन वाजून दहा मिनिटांचा फोटो

भिवंडी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५,
सकाळचे सव्वासहा

चि. मिलिंद यास,

सप्रेम जयभीम.

काल शनिवारी, २२ नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तू मला फसवलंस. वेळ पक्की आहे. पार्कातल्या त्या गोल झोपाळ्यामागच्या घड्याळात मी स्वतः पाहिली.

तू वरच्या मजल्यावर, मी खाली, मध्ये अठरा पायऱ्या. तरी पत्र का, असं रुचिका विचारेल. तिला सांग, कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेस म्हणायच्या, तक्रार कागदावर करावी, तोंडी केली की तिचं भांडण होतं. शिवाय तोंडी बोलले असते तर तू नेहमीसारखा म्हणाला असतास, "आई, चहा घेतलास का?"

प्रकृती ठीक आहे. तुमचीही असावी. मुलं अजून उठलेली दिसत नाहीत, वर धावपळ ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याचं आधी लिहिते. मोठ्या सहलीला मुलांचे फोटो मी काढणार, हे गणपतीतच ठरलं होतं आणि तुम्ही दोघांनी माना डोलावल्या होत्या. सहा आठवडे मी त्यावर घालवले. वजन चारशे ग्रॅमच्या आत, कारण दिवसभर गळ्यात वागवायचा. लेन्स बदलायची भानगड नको, कारण ओमकार चार वर्षांचा आहे आणि तो थांबत नाही. उन्हात दिसावं म्हणून डोळा लावून बघायची खिडकी हवी. स्क्रीन दुमडणारा हवा. पाण्याच्या खेळांसाठी झिपवाली पिशवी. ठाण्याच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "आंटी, आजकल मोबाइल में ही मस्त आता है." मी म्हटलं, "बाळा, एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढलेत मी. माणूस हलला की काय येतं ते मला ठाऊक आहे. तू ती वरच्या फळीवरची पेटी काढ." हसला, पण काढली.

आणि हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय हवी, हे मी तीनदा सांगितलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

काल निघताना तू कॅमेरा माझ्या गळ्यात घातलास आणि म्हणालास, "आई, स्क्रीन आत दुमडून ठेव, बॅटरी खातो. डोळा लावूनच काढ." मला वाटलं, लेकाला काळजी आहे. खिडकीत कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं. चष्मा पिशवीत होता, मी समजले बॅटरी. सकाळपासून शंभरेक फोटो काढले. रियाचा घोड्यावरचा, ओमकारचा आइस्क्रीमने माखलेला, तुम्हा दोघांचा कारंज्यापाशी. तू प्रत्येक वेळी हसून उभा राहिलास.

तीनच्या सुमारास रिया म्हणाली, "आजी, माझा घोडा दाखव ना." मी स्क्रीन उघडला. मेमरी कार्ड नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

पोरीला म्हटलं, घरी गेल्यावर बघू. तुला विचारायला आले, तर तुम्ही दोघं झोपाळ्याच्या कठड्याला टेकून पाठमोरे होतात. रुचिका म्हणाली, "मिलिंद, सांग ना आईंना. किती वेळा बटण दाबतायत, मला बघवत नाही."

तू म्हणालास, "दाबू दे गं. खूश आहे ती. अकलोलीला कॅमेऱ्याची ट्रायल घेतलेली बघितलीस ना? सगळे हललेले. कार्ड इथे तरी कामाला येतंय."

म्हणजे तुझ्या छातीवर पट्ट्याने बांधलेल्या, मित्राकडून, त्या विशालकडून, मागून आणलेल्या व्हिडिओ काढायच्या डबीत. मी घेतलेलं कार्ड.

रुचिकाने मला पाहिलं. तू वळलास, क्षणभर गडबडलास, आणि मग, मिलिंद, तू रुचिकाच्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, "आई, आमचा एक मस्त घे ना इथून!"

तेव्हा तीन दहा झाले होते.

मी तो घेतला. रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला, "जरा डावीकडे" म्हटलं आणि बटण दाबलं. येताना गाडीत मी झोपले नव्हते. झोपेचं सोंग मलाही येतं.

आता ती सोय. मुलं पळतात म्हणून हवी, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. साफ खोटं. पळणाऱ्या मुलासाठी तिचा काडीचा उपयोग नाही. ती सोय पकडणाऱ्याच्या हातासाठी असते. अकलोलीचे फोटो तुझ्याआधी मी पाहिले होते, त्याच संध्याकाळी. वाटलं, सवय झाली की जमेल.

ऑक्टोबरमध्ये चंद्रामावशीकडे साखरपुड्याला म्हणून गेले, ती ठाण्याला नसांच्या डॉक्टरकडे गेले होते. अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री. त्याआधी दिघाशीहून भाजी घेऊन येणाऱ्या ठमाबाईला कोथिंबिरीचे सुटे देताना तिने ओळखलं होतं. "बाय, हात कापतंय तुजा. डाक्तरला दाखवलास का न्हाय?" भर रस्त्यात, चार बायकांसमोर. मला तिचा राग आला होता. काल तिचा राग गेला.

तुझा मात्र आला, आणि कशाचा ते नीट वाच. फोटो हललेले येतात हे तुला पंधरा दिवस ठाऊक आहे. ह्या पंधरा दिवसांत रोज सकाळी सात वाजता तुझी दोन्ही मुलं ह्याच हाताला धरून गोदामांच्या नाक्यावरून, कंटेनरच्या मधून, शाळेत गेली. घोड्यावरच्या फोटोसाठी जो हात चालत नाही, तो तुझ्या पोरांसाठी कसा चालला? की सोमवार ते शुक्रवार आईचा हात बरा असतो, कारण तुम्हाला आठची ड्युटी असते?

हे लिहिल्यावर पुढचं न लिहिणं मला शोभणार नाही. बुधवारी, १२ तारखेला, नाक्यावर ओमकारचा हात माझ्या हातातून सुटला. मागे येणारा ट्रेलर होता. रात्रपाळी संपवून चाललेल्या एका लूमवाल्याने त्याला कॉलरला धरून ओढलं आणि मला म्हणाला, "अम्मा, बच्चे को संभालो." मी ओमकारला चॉकलेट दिलं आणि घरी सांगू नकोस म्हटलं. त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून मी त्याचं मनगट आवळून धरते. त्यावर वळ उठतात ते ह्यामुळे, शाळेच्या बाकामुळे नाही.

मी भीतीने लपवलं. मुलं माझ्याकडून काढून घ्याल, ह्या भीतीने. तू कशाने लपवलंस, ते मला हवं आहे. दया म्हणून असेल तर मला ती नको, आणि सोय म्हणून असेल तर तसं लिहायची हिंमत कर.

आज रात्री आठच्या आत उत्तर दे. कागदावर, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. रुचिकाकरवी निरोप नको, फोनवर अंगठा नको, जिन्यात मिठी नको. उद्या सात वाजता मुलांना शाळेत कोण नेणार, तेही लिही. आणि मी नाही असं लिहिशील, तर "आई, तुझा हात कापतो" हे शब्द त्यात असले पाहिजेत. भाजीवालीने म्हटलं. आता माझ्या मुलाने म्हणावं.

तुझी आई,
धम्मदिना