माझ्यासाठी नॅथनची कबर उघडू नये

मी, मरिया दानीएल जगधने, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मिशन वस्ती, बेलापूरजवळ, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. जुन्या कागदांवर माझा जिल्हा अहमदनगर आहे. बाई मात्र तीच आहे. पोटातल्या गाठीने शरीर खाल्ले असले तरी डोके शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणाचाही दाब नाही. दाब आला तो तक्रार मागे घेण्यासाठी, आणि त्याला मी भीक घातली नाही.

१. घर. माझे पती दानीएल करोनात नगरला वारले आणि तिथेच पुरले गेले. त्यांच्यामागे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढचे अंगण आणि त्यातला लिंब असे सगळे मी माझी सून मोनिका नॅथन जगधने हिला देत आहे. मोनिकाचे आणि माझे फारसे कधी जमले नाही. ती चहात साखर ओतते म्हणून मी बोलते, मी बोलते म्हणून ती भांडी आपटते. पण नॅथन गेल्यावर तिचे भाऊ तिला न्यायला आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "आत्याबाईंना एकटं सोडून मी येत न्हाई. तुमी जेवा आन जावा." उद्या तिने दुसरे लग्न केले तरी घर तिचेच राहील. त्यावर कुणी तोंड उघडू नये.

२. मुलगी नॅन्सी हिला माझी कर्णफुले, शिवणयंत्र आणि बँकेत असेल ती शिल्लक. नॅन्सीचे शिर्डीत हार-प्रसादाचे दुकान आहे. मागल्या वर्षी ती रडत आली. "आई, दुकानापुढं पोलिसांची गाडी उभी ऱ्हाती दिवसभर. गिऱ्हाईक फिरकत न्हाई. भाऊ गेला तो गेला, आता मिटव हे." मी तिला भित्री भागूबाई म्हणाले. ती भितेच, आणि भिण्यासारखे आहे हेही खरे. म्हणून पुढचे ओझे तिच्यावर टाकत नाही. आईचा राग मात्र अजून गेलेला नाही, हे तिने समजून घ्यावे.

३. तक्रार. माझी खरी मिळकत हीच. माझा मुलगा नॅथन टेम्पो चालवायचा. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि सकाळी दोन पोलीस आमच्या दारात आले. "साहेबांनी बोलावलंय, लगेच सोडतो," म्हणाले. त्याने शर्ट बदलू द्या म्हटले, तेवढेही थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला की कोठडीत पडला, हृदय बंद पडले. बत्तीस वर्षांच्या, पोती उचलणाऱ्या माणसाचे हृदय! अटकेची नोंद नव्हती. कॅमेरा नेमका बिघडलेला होता. चौकशीला आले तेही त्याच खात्याचे. ठाण्यात चहा प्यायले आणि तिथूनच परत गेले, आमच्या वस्तीवर आलेसुद्धा नाहीत. कुंपणानेच शेत खाल्ले आणि दाद मागायची ती कुंपणाकडेच, असा हा कारभार आहे. प्रकरण कोर्टात असल्याने ठाण्याचे नाव इथे लिहीत नाही. तक्रारीत ते ठळक लिहिले आहे. माझ्या मरणाने ही तक्रार मरू नये. माझ्यामागे ती मोनिकाने चालवावी. ती तयार आहे, मी तिला तीनदा विचारले आणि तिसऱ्या वेळी ती माझ्यावर खेकसली.

४. शिपाई बिभीषण याला काहीही देत नाही. तो चौथीत माझ्या हाताखाली होता आणि त्या दिवसांत त्याच ठाण्यात नेमणुकीला होता. मातीच्या दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "बाई, मी तिथं हुतो. पर मला लेकरं हायेत. माफ करा." माफी माझ्या मिळकतीत नाही, ती नॅथनची होती. बिभीषणने कोर्टात उभे राहून पाहिले ते सांगावे. त्यानंतर तो या घरी आला तर मोनिकाने त्याला आत घेऊन जेवू घालावे. त्याआधी दारातूनच परत पाठवावे.

५. माझी माती. हे कलम चर्चच्या पाळकसाहेबांनी आणि मंडळीच्या पंचांनी नीट वाचावे. आपल्या दफनभूमीत जागा उरलेली नाही. म्हणून घरातले माणूस गेले की त्याच घरची जुनी कबर उघडतात, आधीची हाडे बाजूला सारतात आणि नव्या माणसाला तिथेच ठेवतात. इथे आमच्या घरची कबर एकच, ती नॅथनची.

नॅथनचा देह ताब्यात मिळाला तेव्हा सोबत ठाण्याची गाडी होती. ती बघून पुरुष माणसे मागे सरली, तेव्हा शेजारीण बनुबाई आणि मी त्याला आंघोळ घातली. तळपाय काळेनिळे होते. डाव्या कुशीला हात लावला की फासळी आत जायची. शवविच्छेदनाच्या कागदावर मात्र अंगावर जखम नाही असे लिहिले आहे. मांस मातीत जाते, पण मोडलेले हाड वर्षानुवर्षे मोडलेलेच दिसते, असे मला एका डॉक्टरांनी सांगितले. म्हणून देह उकरून पुन्हा तपासावा असा माझा अर्ज कोर्टापुढे आहे.

मी अंथरूण धरल्यावर गावचे पोलीस पाटील गोरक्ष भेटायला आले. चार वर्षांत रस्त्यात ओळख न दाखवणारा माणूस सफरचंदे घेऊन आला. "बाई, तुमी काळजी करू नका. तुमाला नॅथनपाशीच ठिवू. वर सिमेंटची पक्की कबर मी बांधून देतो, दोघांची मिळून." मला रडू कोसळले. त्याच्याजवळ निजायचे यापलीकडे मला काही नको होते. मी त्यांचे हात धरले आणि हो म्हणाले.

ते गेल्यावर मोनिका म्हणाली, "आत्याबाई, कबर उघडली की त्याची हाडं कोन कशी सारनार, कुनी बघितलंय? आन वर तुमी, त्याच्यावर सिमेंट. मंग सासूची कबर फोडा म्हनून कोर्टात मी कोंच्या तोंडानं सांगू?"

तेव्हा माझे डोळे उघडले. गोरक्ष यांना दिलेला होकार मी या लेखाने रद्द करत आहे. त्यांची सफरचंदे शेळीला घातली.

माझ्यासाठी नॅथनची कबर उघडू नये. ती फक्त कोर्टाच्या हुकमाने आणि मोनिकाच्या समोर उघडावी. मला दफनभूमीच्या खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या बाजूला पुरावे. तिथे पाणी साचते म्हणून कुणी जागा घेत नाही, मला चालेल. वर सिमेंट नको, माती लोटावी.

हुकूम आला आणि तपासणी झाली, की नॅथनला पुन्हा कुठेतरी पुरावेच लागेल. त्या दिवशी माझी कबर उघडा आणि त्याला माझ्याजवळ आणून ठेवा. हुकूम आलाच नाही, तर आम्ही मायलेक एका आवारात असे लांब लांबच राहू. मला ते सोसेल. त्याच्यावर सिमेंट पडलेले सोसणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

मरिया दानीएल जगधने

साक्षीदार:
१. ज्ञानेश्वर गेणू खर्डे, निवृत्त शिक्षक (सही)
२. बनुबाई छगन लोखंडे, शेजारीण (अंगठा, मजकूर वाचून दाखवला, तिने शेवटपर्यंत ऐकला)

ठिकाण: मिशन वस्ती, बेलापूरजवळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५