गुनहिल्डच्या पोटातला चुना

२९ ऑक्टोबर १८८९

गुनहिल्ड परत आली — पण धक्क्याला नाही! सरोवराच्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी. पोटात पिंपंच्या पिंपं कळीचा चुना, आणि लाटांनी सांध्यांतून पाणी शिरलं. पाणी लागलं की चुना तापतो, लाकूड धुमसतं. विझवायला पाणी ओतावं तर आणखी भडका! उपाय एकच — झाकणं, दारं, फटी चुन्यानंच लिंपायच्या, आतली हवा कोंडायची आणि वाट पाहायची. कधी आठवडा, कधी महिना.

लाकूडगिरणीवाल्यांच्या फळ्यांचे ढीग धक्क्यावर. म्हणाले, "ती चूल इकडे आणू नका."

टोर्गर, माझा मुलगा, तिचा कप्तान. गलबताला त्याच्या आईचं नाव मीच दिलं. आई गेली, ही राहिली.

३० ऑक्टोबर

खलाशी उतरून घरी गेले. टोर्गर एकटाच वर.

१ नोव्हेंबर

ओस्मुंद, माझा जुना सोबती, येऊन बसला. "हालवर, तुझी बायकोही अशीच होती रे! वरून गप्प, आत धुमसत." हसलो.

संध्याकाळी डोलकाठ्यांमागे सूर्य उतरला. शाळेत गुरुजींनी घोकून घेतलेली ओळ ओठांवर आली — 'शीड मिटून घरी आली, पाण्यावरची पांढरी गाय.' अजून किती देखणी दिसते!

मागे सून उभी होती, इंगा. "बाबा, तुम्हाला गलबत दिसतं. मला त्यावरचा माणूस दिसतो."

४ नोव्हेंबर

इंगाबरोबर होडीतून गेलो. बटाट्याच्या पोळ्या, खारा मासा, कॉफी. केबिनचं दारही लिंपलेलं, म्हणून टोर्गर डेकवर शिडाच्या कापडाखाली झोपतो. दाढीत चुना, डोळे लाल. डेक पायाला कोमट लागतो. "थंडीत बरंच की!" म्हणे.

"चल घरी," म्हटलं.

"मांडीवर घेऊन तुम्हीच शिकवलंत ना, बाबा? 'सोडून जाई तो कप्तान कसला—' पुढचं म्हणा की!"

पोळ्यांचं फडकं त्याच्या हाती दिलं.

परतताना इंगा वल्ही मारत होती. म्हणाली, "तुमच्या कविता त्याला पाठ आहेत. माझं बोलणं एका कानानं आत, दुसऱ्यानं बाहेर."

७ नोव्हेंबर

धूर नाही. विझत असेल?

९ नोव्हेंबर

वारा उत्तरेला फिरला. ओस्मुंद गुडघे चोळत म्हणाला, "उद्या वादळ. तो नांगर धरायचा नाही. खडकावर फुटली की सगळं सरोवर चुन्यावर — पोराला उतरव, हालवर!"

जाऊन सांगितलं. हात जोडले. टोर्गर डोलकाठी थोपटत म्हणाला, "हिला एकटी सोडू? बाबा, तुम्ही सोडली असतीत?"

१० नोव्हेंबर

सकाळी एकटाच गेलो, पोळ्या घेऊन. टोर्गर कापडाखाली गाढ झोपलेला.

झाकणाचा लेप फुटला. कसा, ते लिहीत नाही. हवा आत गेली — धूर, मग डोलकाठीएवढी ज्वाळा! टोर्गरला ओढत होडीत घेतलं. तो नाव घेऊन रडत होता. आईचं की गलबताचं — नाव तर एकच.

११ नोव्हेंबर

वादळ येऊन गेलं. खाडी रिकामी. एकही ओळ आठवत नाही.

१३ नोव्हेंबर

इंगा माझा कोट घासत होती. बाहीवरचा चुना निघेना. टोर्गर ताटावरून मान वर न करता म्हणाला, "राहू दे गं. बाबा झाकण उचलत होते, तेव्हा मी जागा होतो."